बाजार, स्मारक आणि पायीं फिरणारा ग्रंथकार

इंग्लंडांतील शहरें पायीं हिंडून पाहणाऱ्यांचें एक स्वतंत्र वाङ्मय आहे, आणि तें चारशें वर्षांहून अधिक जुनें आहे. शिंपी, कादंबरीकार, कारखानदाराचा मुलगा, वास्तुकलेचा अभ्यासक अशा नाना प्रकारच्या लोकांनीं त्यांत भर घातली आहे. आज त्यांत मार्गदर्शक पुस्तकांची व प्रवासवर्णनांची इतकी रेलचेल झाली आहे कीं, कोणतें पुस्तक संग्रहीं ठेवावें आणि कोणतें परतीच्या वाटेवरच कोणास तरी देऊन टाकावें हें ठरविण्यास कांहीं एक कसोटी हातीं असणें अवश्य झालें आहे. महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांस इंग्लंडला जाणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकावयास असते, आईबाप पंधरवडाभर जाऊन येतात, आणि परत आल्यावर त्यांपैकीं कोणी तरी लेखणी उचलतो. तेव्हां ही कसोटी केवळ इंग्रजी ग्रंथांपुरतीच उपयोगी आहे असें नाहीं. आपल्या घरच्या लेखनासहि ती लावून पाहावी लागेल.

आमच्या मतें ती कसोटी अगदीं साधी आहे. शहरांत पायीं फिरणाऱ्यास दोन प्रकारच्या जागा वारंवार लागतात. एक बाजार व दुसरी स्मारक. बाजारांत भाव उघड बोलला जातो. स्मारकाचा भाव मात्र कोणी बोलत नाहीं. पुतळा, वाडा, सभागृह, प्रार्थनामंदिर हीं सर्व कोणाच्या तरी पैशानें, कोणाच्या तरी श्रमानें आणि पुष्कळदां कोणाच्या तरी नुकसानीनें उभीं राहिलेलीं असतात. परंतु एकदां दगडावर शेवाळ धरलें व पाटीवरील अक्षरें काळवंडलीं म्हणजे तीं जणूं आपोआप उगवलीं असावींत असा भास होऊं लागतो. भाजीवालीपुढें उभें राहून आपण जो प्रश्न सहज विचारतों, तोच प्रश्न, म्हणजे ‘हें कितीला पडलें आणि पैसे कोणी दिले?’ हा, स्मारकापुढें उभें राहिल्यावर ज्या ग्रंथकारास सुचतो त्याचें नगरवर्णन टिकतें. ज्यास तो सुचत नाहीं त्याचें वर्णन कितीहि रसाळ असो, तें दिवाणखान्यांतील चित्राप्रमाणें शोभेपुरतेंच राहतें.

ह्या वाङ्मयाचा मूळपुरुष जॉन स्टो. हा धंद्यानें शिंपी. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. त्याचा ‘सर्व्हे ऑफ लंडन’ हा ग्रंथ १५९८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यानें सत्तरी ओलांडली होती. वॉर्डामागून वॉर्ड अशा क्रमानें तो वाचकास शहरभर फिरवितो, आणि प्रत्येक वळणावर येथें पूर्वीं काय होतें, कोण राहत असे, कोणतें थडगें कोणी मोडलें हें सांगत जातो. वरवर पाहतां ही एक रुक्ष यादी आहे. परंतु थ्रॉगमॉर्टन रस्त्यावर आल्यावर ह्या यादीचा रंग पालटतो. आठव्या हेन्री राजाचा बलाढ्य मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्यानें तेथें मोठा वाडा बांधिला, आणि वाड्याच्या बागेस जागा अपुरी वाटूं लागतांच शेजाऱ्यांच्या बागांचें कुंपण एकाएकीं बावीस फूट मागें सारविलें. स्टोच्या बापाच्या बागेंत एक घर होतें. तें जमिनीपासून सुटें करून, ओंडक्यांवर चढवून, बावीस फूट सरकविण्यांत आलें. बापास आगाऊ कळविलें नाहीं, मागून दाद दिली नाहीं, आणि गेलेल्या जागेबद्दल एका पेनीचीहि सूट न मिळतां तो वर्षाचें सारें भाडें पूर्वींप्रमाणेंच भरीत राहिला. पुढें हा वाडा कापडवाल्यांच्या संघाकडे गेला, व त्याच जागीं त्या संघाचें भव्य सभागृह आजहि आहे. तें पाहावयास जाणाऱ्यानें स्टोचें तें एक पान वाचलेलें असलें, तर भिंतीवरील सोनेरी नक्षीकडे पाहतांना त्यास बावीस फुटांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

ह्याच म्हाताऱ्यानें दुसऱ्या एके ठिकाणीं आपल्या लहानपणच्या दुधाचा भाव नोंदून ठेविला आहे. शहराच्या पूर्वेस जोगिणींच्या मठाची एक गोठेवाडी होती. तेथून तो अर्ध्या पेनीचें दूध आणावयास जात असे, आणि उन्हाळ्यांत तीन पाइंट व हिवाळ्यांत एक क्वार्ट ह्यांहून कमी दूध त्यास कधीं मिळालें नाहीं. शिवाय तें धारोष्ण असे. नंतर मठ मोडला, गोठेवाडीच्या मालकाच्या मुलानें जमीन घोड्यांच्या चराईस व बागांस भाड्यानें देऊन टाकली, आणि तो त्या उत्पन्नावर आरामांत राहूं लागला. मठ मोडण्याच्या घटनेवर इंग्रजी इतिहासकारांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. परंतु एका पोराच्या हातांतील दुधाच्या भांड्यावरून तें स्थित्यंतर दाखविण्याची हातोटी स्टोची आहे.

स्टोच्या स्वतःच्या स्मारकासहि त्याचीच कसोटी लावण्यासारखी आहे. लेडनहॉल रस्त्यावरील सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट ह्या प्रार्थनामंदिरांत त्याची लिहीत बसलेली मूर्ति आहे, आणि तिच्या हातांतील पिसाची लेखणी ठराविक वर्षांनीं समारंभपूर्वक बदलण्याचा प्रघात आहे. समारंभ मोठा हृद्य आहे. तथापि ज्या शहराचें वर्णन करण्यांत ह्या माणसाचें आयुष्य व पैसा खर्च झाला, त्याच शहरांत १६०४ सालीं त्यास राजाकडून भीक मागण्याचा परवाना घ्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला, ही गोष्ट त्या पिसाकडे पाहून कोणास कळणार?

ह्या मंदिरापासून पश्चिमेकडे अर्ध्या तासाच्या वाटेवर स्मिथफील्ड आहे. बाजार व स्मारक एकमेकांस इतकीं खेटून उभीं असलेली दुसरी जागा लंडनमध्यें क्वचितच सांपडेल. ११२३ सालीं स्थापन झालेल्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या भिंतीवर स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस ह्याची पाटी आहे. त्यास १३०५ सालीं येथें हालहाल करून मारिलें. मेरी राणीच्या कारकीर्दींत धर्ममताकरितां जाळलेल्यांची आठवणहि ह्याच भिंतीवर आहे. १३८१ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी वॉट टायलर येथेंच पडला. ह्या बंडाचें तात्कालिक कारण म्हणजे दर डोई एक शिलिंगाची पट्टी; राजाच्या फ्रान्सांतील लढायांचा भाव खेड्यांतल्या माणसाकडून वसूल होत होता. त्या बंडवाल्यांच्या नांवाचा दगड बसला तो २०१५ सालीं, म्हणजे सहाशें चौतीस वर्षांनीं! आणि ह्या सर्व मरणांच्या समोरच शतकानुशतकें गुरांचा बाजार भरत आला. जिवंत गुरांची विक्री १८५५ सालीं येथून हलली. होरेस जोन्स ह्यानें बांधलेली मांसबाजाराची लोखंडी व विटांची प्रशस्त इमारत १८६८ सालीं उघडली. हा बाजार रात्रीं जागा असतो व शहर उठतें तेव्हां आवरूं लागतो. त्यामुळें दहा वाजतां न्याहारी करून निघणाऱ्या प्रवाशास तो दिसतच नाहीं, फक्त इमारत दिसते. २०२४ सालीं लंडनच्या नगरसंस्थेनें तेथील व्यापार पुढें बंद करण्याचें ठरविलें, मात्र निदान २०२८ पर्यंत तो चालूं राहील असेंहि सांगितलें. बाजाराच्याच जुन्या, ओस पडलेल्या भागांत लंडनचें संग्रहालय नेण्याचें काम त्याआधींच हातीं घेतलें होतें. म्हणजे बाजाराचेंच स्मारक होऊं घातलें आहे. तेथें पुढें जो जाईल त्यानें कांचेमागील वस्तूंबरोबर त्या वस्तूंच्या भावाचीहि चौकशी करावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

स्टोनंतर सव्वाशें वर्षांनीं डॅनियल डीफो ह्यानें साऱ्या ग्रेट ब्रिटनच्या फेरीचें वर्णन १७२४ पासून तीन खंडांत प्रसिद्ध केलें. फेरी घोड्यावरची; पण शहरांत शिरल्यावर तो पायउतार होऊन बघणारा माणूस आहे. त्याचें लीड्स येथील कापडबाजाराचें वर्णन ह्या वाङ्मयांतील एक रत्न होय. पहांटे ब्रिगेट रस्त्यावर दुतर्फा घोड्या मांडून त्यांवर फळ्या टाकलेल्या असतात. घंटा होतांच आसपासच्या खेड्यांतील विणकर आपापले कापडाचे ताके आणून ठेवितात, आणि कांहीं मिनिटांत सबंध रस्ता कापडानें झांकून जातो. व्यापारी हातांत परदेशच्या मागणीचीं पत्रें व रंगांचे नमुने घेऊन फिरतात. सौदा होतो तो कानांत कुजबुजून. कारण विणकर इतके दाटीनें उभे असतात कीं, एकाचा भाव दुसऱ्यास कळूं द्यावयाचा नसेल तर तोंड उघडणेंच धोक्याचें. तासा-दीडतासांत दहा ते वीस हजार पौंडांचा माल हात बदलतो, पुन्हां घंटा होते, आणि रस्ता मोकळा होतो.

बाजारांत भाव उघड बोलला जातो असें आम्हीं वर म्हटलें; लीड्सच्या ह्या बाजारांत तो कुजबुजला जात होता, आणि ती कुजबूज ऐकण्याइतका कान डीफोस होता, हें त्याचें मोठेपण. परंतु त्याच्या कसोटीस उणेपणाहि येतो. ह्याच प्रवासांत हॅलिफॅक्सच्या डोंगरउतारांवर घरोघर चाललेलें कताई-विणाईचें काम तो पाहतो, आणि चार वर्षांवरचें क्वचितच एखादें मूल असें असेल कीं जें आपल्या हातांनीं पोट भरीत नाहीं, हें मोठ्या समाधानानें नमूद करितो. कापडाचा भाव त्यास पक्का ठाऊक आहे. त्या भावांत त्या मुलांचे दिवस मिळविलेले आहेत, हा हिशेब मात्र त्याच्या मनांत येत नाहीं. तो व्यापाराचा भक्त आहे, आणि भक्त देवास कधीं किंमत विचारीत नाहीं.

त्याच लीड्समध्यें १८८४ सालीं मायकेल मार्क्स नांवाच्या, रशियन साम्राज्यांतून आलेल्या एका गरीब यहुदी फेरीवाल्यानें उघड्या बाजारांत एक फळी मांडली. त्यास इंग्रजी बेताचेंच येत होतें. त्यानें सर्व वस्तु एका पेनीस ठेविल्या, व भाव विचारण्याचें कारणच नाहीं अशा अर्थाची पाटी वर लावली. एवढ्याशा फळींतून मार्क्स अँड स्पेन्सर ही जगप्रसिद्ध पेढी निघाली. लीड्सच्या कर्कगेट बाजारांत १९०४ सालचें सुंदर सभागृह पाहून, त्याच्या लोखंडी कमानींचें कौतुक करून पुढें जाणारे लेखक पुष्कळ. परंतु ज्या शहरांत भाव कानांत सांगत, त्याच शहरांत तो पाटीवर लिहून घासाघीस संपविण्यांत आली, हा दीडशें वर्षांचा प्रवास एका रस्त्यावर पाहावयास मिळतो, हें सांगणारा विरळा.

डीफोस जें दिसलें नाहीं तें पाहणारा मनुष्य १८४२ च्या अखेरीस मँचेस्टरला आला. फ्रीडरिख एंगल्स हा जर्मन कारखानदाराचा मुलगा, वय बावीस, बापाची भागीदारी असलेल्या सुताच्या गिरणींत काम शिकावयास आलेला. पुढें त्याच्या नांवाभोंवतीं जें राजकारण उभें राहिलें तें क्षणभर बाजूस ठेवून, १८४५ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झालेलें त्याचें इंग्लंडांतील मजूरवर्गाविषयींचें पुस्तक केवळ एक नगरवर्णन म्हणून वाचावें अशी आमची वाचकांस विनंति आहे. त्याचा मुख्य शोध पायीं फिरून लागलेला आहे. मँचेस्टरच्या एक्स्चेंजपासून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौद्याच्या सभागृहापासून, निघणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंस नीटनेटक्या दुकानांची अखंड ओळ आहे. ह्या ओळीमुळें उपनगरांतील बंगल्यांतून कचेरींत येणाऱ्या सावकारास मजुरांच्या वस्तींतून रोज जावें लागत असूनहि ती वस्ति आयुष्यभर दृष्टीस पडत नाहीं. दुकानांची रांग हाच पडदा! एंगल्स त्या पडद्यामागील बोळांत शिरला आणि अर्क नदीच्या काळ्या पाण्यापर्यंत जाऊन आला.

बाजाराचेंहि त्याचें निरीक्षण असेंच मार्मिक आहे. मजुरास पगार मिळे तो शनिवारीं संध्याकाळीं. तो बाजारांत पोंचे तोंवर चांगला माल सकाळींच वरच्या वर्गानें उचललेला असे. आणि रविवारीं दुकानें बंद राहावयाचीं म्हणून सोमवारपर्यंत न टिकणारें मांस शनिवारीं रात्रीं दहा ते बाराच्या दरम्यान मातीमोल विकलें जाई. एकाच बाजारांत, एकाच दिवशीं, घड्याळाच्या कांट्याप्रमाणें गिऱ्हाईक बदलतें व माणसाचा वर्गहि ओळखतां येतो, हें त्याच्याआधीं इतक्या थोड्या शब्दांत कोणी दाखविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. एंगल्सच्या लेखनांत संताप फार आहे व सुंदर वस्तूपुढें थांबण्यास त्यास सवड नाहीं, हा आक्षेप खरा आहे. पण पडदा सारणाऱ्याच्या हातास नाजुकपणा कोठून येणार?

मँचेस्टरचें तें एक्स्चेंज आजच्या इमारतीच्या रूपानें पाहावयास मिळतें. १९६८ सालीं तेथील सौदे कायमचे थांबले, आणि १९७६ सालीं त्याच विशाल दालनाच्या मध्यभागीं एक नाट्यगृह उभारण्यांत आलें. परंतु शेवटच्या दिवसाचे भाव उंच फलकावर अद्याप तसेच आहेत. नाटकाच्या मध्यंतरांत चहाचा पेला हातीं घेऊन वर पाहणाऱ्या महाराष्ट्रीय प्रेक्षकानें ते आंकडे परके समजूं नयेत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेकडील बंदरें कोंडलीं गेलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमार झाली. तरीहि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या पक्षास मँचेस्टरच्या मजुरांच्या सभेनें पाठिंबा दिला, आणि १८६३ च्या जानेवारींत लिंकननें त्यांस आभाराचें पत्र लिहिलें. त्याचा पुतळा आज शहराच्या मध्यवस्तींत लिंकन चौकांत उभा आहे, व त्या पत्रांतील शब्द चौथऱ्यावर कोरलेले आहेत. हें स्मारक उदात्त आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु अमेरिकेचा कापूस आला नाहीं तेव्हां कोणाचा आला? तो मुंबईहून आला. आंखूड धाग्याच्या ह्या हिंदी कापसास तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि विणकर त्यास शिव्या देत. मुंबईंत त्याच्या भावानें सोन्याचा पाऊस पडला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच सारा डोलारा कोसळला. त्या सट्ट्याच्या राजांपैकीं प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगींतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, व तो १८७८ सालीं पुरा झाला. वऱ्हाडांतील खामगांवच्या कापूसबाजारापर्यंत १८७० सालीं लोहमार्गाचा फांटा गेला तो ह्याच ओढीनें. लिंकनचा चौथरा, एक्स्चेंजचा फलक, राजाबाईचें घड्याळ आणि खामगांवची वखार हीं एकाच हिशेबाच्या वहींतील चार पानें होत. परंतु तीं एकत्र उलगडून दाखविणारें प्रवासवर्णन मराठींत आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं.

भाव लपविणाऱ्या स्मारकाचें शेवटीं काय होतें, ह्याचें उदाहरण ब्रिस्टलनें घालून दिलें आहे. ह्या शहरीं कॉर्न स्ट्रीटवर एक्स्चेंजच्या दारांत पितळी माथ्याचे चार ठेंगणे खांब आहेत. त्यांस ‘नेल्स’ म्हणजे खिळे म्हणतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतील व्यापारी ह्या खांबांच्या सपाट माथ्यावर रोख पैसे मोजून व्यवहार पुरा करीत. मागची इमारत १७४१ ते १७४३ ह्या काळांत थोरल्या जॉन वुडनें बांधिली, आणि तिच्या सजावटींत आफ्रिका, अमेरिका व आशिया ह्या खंडांच्या प्रतिमा आहेत. त्या शोभेच्या प्रतिमा नव्हेत. ती जमाखर्चाची अनुक्रमणिका आहे. १६९८ ते १८०७ पर्यंत ब्रिस्टलच्या गलबतांनीं आफ्रिकेंतून माणसें भरून अमेरिकेकडे नेण्याच्या दोन हजारांहून अधिक सफरी केल्या. ह्याच शहरांत १८९५ सालीं एडवर्ड कोल्स्टन ह्याचा पुतळा उभारला गेला. कोल्स्टन १७२१ सालीं वारला होता, म्हणजे हा पुतळा त्याच्या मरणानंतर एकशें चौऱ्याहत्तर वर्षांनीं झाला. त्यानें शाळा व अनाथगृहें यांस दिलेल्या दानांचें स्मरण ठेवून पाटीवर त्यास शहराच्या अत्यंत सच्छील व सुज्ञ सुपुत्रांत गणलें होतें. तो ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा अधिकारी होता तिचा मुख्य व्यापार माणसांचा, ह्याचा पाटीवर मागमूस नव्हता.

ह्या पुतळ्याची पुढील हकीकत पुतळ्यांपेक्षां भाषेविषयींच अधिक कांहीं सांगते. २०१८ सालीं जुन्या पाटीखालीं दुसरी पाटी बसवावी व तींत गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख करावा असें घाटलें. मजकुराचे खर्डे झाले. एकानें एक शब्द घातला, दुसऱ्यानें तो काढला. माणसांची संख्या सांगावी कीं नाहीं, मुलांचा उल्लेख करावा कीं नाहीं, दानधर्म किती ओळी पुढें आणावा, ह्यावर खल झाला. आणि २०१९ सालीं ती सौम्य केलेली पाटी शहराच्या महापौरांनीं नापसंत केल्यामुळें सारी गोष्ट बारगळली. पुढच्या वर्षीं, ७ जून २०२० रोजीं, जमावानें पुतळा दोर लावून पाडला व ओढीत नेऊन बंदराच्या पाण्यांत टाकला. आतां तो एम शेड ह्या संग्रहालयांत, अंगावरील रंगाच्या डागांसह, आडवा ठेविलेला आहे. जमावाचें कृत्य योग्य कीं अयोग्य ह्यावर सुशिक्षितांत मतभेद राहतील. परंतु पितळेच्या एका हातभर पट्टीवर खरा भाव लिहिण्याइतकें गद्य दोन वर्षांत कोणास साधलें नाहीं, ही टीकाकारानें विसरण्यासारखी गोष्ट नव्हे. जें लेखकांच्या हातून झालें नाहीं तें दोरांनीं केलें.

ह्याच ब्रिस्टलमध्यें राजा राममोहन राय २७ सप्टेंबर १८३३ रोजीं वारले. आर्नोज व्हेल स्मशानभूमींतील त्यांच्या समाधीवरची हिंदी घाटाची छत्री व कॉलेज ग्रीनवरील १९९७ सालचा पुतळा पाहण्यास आपल्याकडील प्रवासी भक्तिभावानें जातात. राममोहन सुधारक म्हणून सर्वांस माहीत आहेत. पण ते विलायतेस गेले ते दिल्लीच्या नामधारी बादशहाचे वकील म्हणून, त्याच्या तनख्यांत वाढ मिळविण्याकरितांहि, हें किती जणांस आठवतें? ह्या आठवणीनें त्यांचा मोठेपणा रतिभर कमी होत नाहीं. उलट एका बादशाहीची किंमत लंडनमध्यें घासाघीस करून ठरविण्याची वेळ आली होती, हें त्या छत्रीखालीं उभें राहिल्यावर अंगावर येतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, प्रत्येक वस्तूस किंमत विचारीत सुटणें ही वाण्याची वृत्ति झाली. सौंदर्य सौंदर्य म्हणून पाहण्यास कांहीं अर्थ आहे कीं नाहीं? आक्षेप विचारार्ह आहे. निकोलस पेव्ह्सनर ह्या जर्मनींतून आलेल्या पंडितानें १९५१ ते १९७४ ह्या तेवीस वर्षांत ‘बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ ही शेहेचाळीस खंडांची ग्रंथमाला पुरी केली. खिडकीची जाळी, कमानीचा वळसा, विटांची बांधणी ह्यांविषयीं तो जितकें नेमकें लिहितो तितकें दुसरें कोणी लिहीत नाहीं, आणि पैशाची गोष्ट तो क्वचितच काढितो. त्याचा ग्रंथ खिशांत असल्यावांचून इंग्लंडच्या शहरांत फिरूं नये असें म्हणणारे आहेत, व ते चुकत नाहींत. परंतु पेव्ह्सनर डोळा तयार करून देतो. शहर समजण्यास कानहि लागतो. कमान सुंदर आहे हें एकदां पक्कें कळल्यावर ती कोणाच्या पैशानें सुंदर झाली हें विचारण्यानें तिचा डौल बिघडत नाहीं. स्टोनें क्रॉमवेलच्या वाड्यास कुरूप म्हटलेलें नाहीं. त्यानें फक्त बावीस फूट मोजले.

आतां आपल्या लेखनाकडे वळूं. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या ‘इंग्लंडचा प्रवास’ ह्या पत्रापासून पु. ल. देशपांडे ह्यांच्या १९६० सालच्या ‘अपूर्वाई’पर्यंत व त्यापुढेंहि विलायतेविषयीं मराठींत कमी लिहिलें गेलें आहे असें नाहीं. अलीकडच्या सर्वसाधारण प्रवासवर्णनांत भावाची चर्चाहि भरपूर असते. कॉफीच्या पेल्यापासून आगगाडीच्या तिकिटापर्यंत प्रत्येक पौंडाचे रुपये करून पाहिल्याशिवाय आमच्या लेखकास झोंप येत नाहीं! दोष इतकाच कीं, हा हिशेब उपाहारगृहाच्या दारांत संपतो. पुतळ्यापुढें आल्याबरोबर तोच चौकस लेखक हात जोडतो, किंवा छायाचित्र काढून पुढें जातो. वास्तविक ही दृष्टि आम्हांस परकी नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले व बंडाच्या धुमाळींत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापला गेला. झांशी पडल्यानंतरच्या लुटींत कोणत्या दिवशीं काय लुटलें गेलें, हें त्या भिक्षुक ब्राह्मणानें ज्या बारकाईनें सांगितलें आहे तिच्यापुढें मोठमोठे लष्करी इतिहास फिके पडतात. पायीं चालणारा, पदरीं पैसा नसलेला, आणि म्हणूनच प्रत्येक वस्तूचा भाव जाणणारा असा स्टोचा हा मराठी सोबती आमच्या घरांतच आहे.

ही कसोटी आपल्या माणसांच्या पाट्यांसहि लावावी. लंडनमध्यें हॉली प्लेस येथील दहा क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळक तेथें १९१८-१९ मध्यें राहिल्याची पाटी आहे. ते तेथें होते ते मुख्यतः व्हॅलेंटाइन चिरोल ह्याच्यावरील अब्रुनुकसानीच्या फिर्यादीकरितां. ती फिर्याद ते हरले, आणि तिच्या प्रचंड खर्चाचा बोजा त्यांच्यावर पडला. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरांत डॉ. आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास राहिले, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. त्या घराच्या खरेदीचा आंकडा वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजला. परंतु तेथें राहणाऱ्या विद्यार्थ्यानें पुढें १९२३ सालीं जो प्रबंध प्रसिद्ध केला त्याचा विषयच रुपयाच्या किंमतीचा प्रश्न हा होता, व पौंड आणि रुपया ह्यांचें नातें कोण ठरवितो आणि त्यांत नाडला कोण जातो हें त्यानें शोधिलें होतें, ही गोष्ट त्या दाराशीं उभें राहून किती प्रवासी मुलांस सांगत असतील? पौंडाचे रुपये करण्याची आमची संवय तेथें तरी सार्थकीं लागावी.

इंग्लंडास जाणाऱ्या वाचकांस आमची शेवटीं एक व्यावहारिक सूचना आहे. दहा शहरें धांवत पाहण्यापेक्षां दोन शहरें पायीं पाहावींत, आणि दिवसाचा आरंभ स्मारकापासून न करितां बाजारापासून करावा. बाजार सकाळचा असतो, स्मारक दिवसभर जागेवरच असतें. तास-दीड तास फळ्यांमधून हिंडून, चार भाव विचारून, एखादें सफरचंद खात मग पुतळ्यापुढें जावें. कानांत भाव घोळत असले म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. आणि परत आल्यावर ज्यांस लिहावयाचें असेल त्यांनीं तो प्रश्न व त्याचें मिळालेलें उत्तर, एवढें तरी लिहावें. बाकीचें वर्णन थोडें कमी झालें तरी वाचकांची तक्रार असणार नाहीं.